पीलबाग

लोकेशने फोनवर विचारलं, मामा, रीस की मॅडॉक्स?
जसं कुणी विचारावं, बाग रावेरची की यावलची.
ओहायोत बारा जणांची लीग, एकाचं लग्न ठरलं, जागा रिकामी झाली,
आणि सावद्याच्या हेमराज फेगडेच्या नावावर आख्खा संघ चढला.
मी तो चेंडू हातात धरलेला नाही,
दुकानातही पाहिलेला नाही.
मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. म्हटलं, एवढं आपल्याला कळेल.

नियम एकच ध्यानात राहिला:
घेतलेला पोरगा वर्षानुवर्षं आपल्याकडेच.

तीस वर्षं मी व्यापाऱ्याच्या वतीने बागा पाहिल्या.
घडाखाली उभं राहायचं, केळाची धार बोटाने चाचपायची,
सांगायचं, हा माल दिल्ली गाठेल,
हा नागपूरच्या पुढे काळा पडेल.
किलोत चुकलो असेन. दिवसात नाही.

मॅडॉक्स बावीस वर्षांचा.
चेंडू फेकायचं सोडून स्वतःच घेऊन पळतो,
दोघांना चकवतो, तिसऱ्याला अंगावर घेतो,
आणि इकडे गुण असे पडतात की लोकेशचा आवाज चढतो.
टिश्यूचं रोप. अकराव्या महिन्यात तीस किलोचा घड,
बांधावर गाव जमा.
मी मात्र गुडघे बघतो.
टेकूवर उभ्या झाडाचं मोल
मे महिन्यातलं वावधन जाईपर्यंत करू नये.

रीस तेवीसचा. आणि बाकावर.
त्याच्या जागी छत्तीस वर्षांचा म्हातारा खेळतो.
(छत्तीसला म्हातारा म्हणतात तिकडे. मी एकसष्टचा.)
कॉलेजातल्या त्याच्या चित्रफिती रात्री दोनदा पाहिल्या.
फेक नाही पाहिली, फेकतात सगळेच.
चौघं अंगावर येताना डोकं कुठे वळतं ते पाहिलं.
वळतच नाही.
लांबच्या गड्याला शोधत राहतं,
आणि पडताना हा पोरगा खांदा आत घेतो.
कसं पडायचं, हे कुणीतरी त्याला लहानपणीच शिकवलंय.

शिवाय त्याच्या संघाने यंदा पुढची फळी नवी उभी केली,
पाच धिप्पाड पोरं, बागेभोवती शेवरी लावावी तशी.
घड विकून मोकळा होणारा
शेवरी लावत बसत नाही.

शेतकरी मला घडाची किंमत सांगायचा
तेव्हा माझं लक्ष बुंध्याशी असायचं,
पील कोणत्या बाजूने निघालंय,
पानं तलवारीसारखी अरुंद आहेत का,
की उगाच रुंद होऊन बसलीत.
घड एकदाच येतो. त्यानंतर जे येतं ते पिलातून.

लोकेश म्हणाला, मामा, सात वर्षांचा हिशेब धरा.
इथे मी जरा थांबलो.
बागेचा हिशेब अठरा महिन्यांचा.
आणि डॉक्टर राण्यांनी मलाच
सहा महिन्यांनी येऊन दाखवा म्हटलंय.

तरी सांगितलं: रीस.
मॅडॉक्स देऊन टाक, वर काय मिळेल ते घे.
तिकडे सगळे हसले म्हणे. विचारत होते, तुझा मामा करतो काय?
केळी बघतो, लोकेश म्हणाला,
मग आणखी हसले.

आज सोमवार, सकाळचे सात, थंडीने निसवण थांबलेली,
चिनावलच्या शिवारात कापणी चालू आहे.
मोबाइल केळीच्या पानावर टेकवून बघतोय.
मॅडॉक्सने परत मैदान पळून काढलं.
रीस टोपी घालून बाकावर,
म्हाताऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारतोय,
म्हातारा हाताने हवेत रेघ ओढून दाखवतोय.
माझ्या नावावर शून्य गुण.

मुकादम ओरडला, भाऊ, गाडी लागली, माल बघता की नाही?
आलो म्हटलं.
उठताना हात गुडघ्यावर ठेवावा लागला.
पायाशी पील होतं, वीतभर,
त्याला वळसा घालून गेलो.